कारण क्रमांक सतरा

सोहार बंदराच्या अलीकडे, जिथं उजेडसुद्धा खारट लागतो,
तिथं आम्ही पंप जोडतो.
बहात्तर सेकंदांना एक.
हा बहात्तर मी काढलेला. तीन आठवडे, दोन टॅबलेट,
आणि झोपेत पुटपुटलेले आकडे.
इचलकरंजीत वडील घड्याळ न बघता माग ओळखायचे,
खटका चुकला की हातातला घास ताटात ठेवून उठायचे.
मला तो कान आला नाही. मी सेन्सर लावले.

आधी फळा होता.
लाल-हिरवे चुंबक, तासातासाचा हिशेब,
आणि कासम हमदुल्यांचा सात, जो हमखास एक वाटायचा.
त्या एका सातापायी मार्चात सहा पंप हरवले,
नंतर कागदावरच सापडले.
आता पडदा आहे. पडद्याचं अक्षर चांगलं आहे.
मला आवडतो, हे कबूल करून टाकते.

चालणं वाया. थांबणं वाया.
जास्तीचं करून ठेवणं तर सगळ्या वाया जाण्याचा बाप:
हे मी पाच देशांच्या माणसांना
मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत शिकवते.

शमसानं हेल्मेटांना टॅग चिकटवले,
आणि आठवड्याभरात माणसं रेघा होऊन पडद्यावर उतरली.
बाकीच्या रेघा शहाण्या.
कासमभाईंची सोळा पावलं वाकडी जायची
चार नंबरच्या प्रेसमागं, दिवसातून दोनदा.
ना नमाजाची वेळ, ना चहाची.

गेले बघायला.
पत्र्याआड दूध पावडरचा डबा,
आत चाळीस सील, तेलकट कागदात,
एकेक गुंडाळलेलं,
लेकीच्या बांगड्या गुंडाळाव्यात तसं.
"अडीनडीला असूंदे, बाय," ते म्हणाले.
"वादळात रस्ता वाहून गेलान, तवा
नऊ दिवस लाइन ह्या डब्यावर चालली.
तुझ्या आधीच्या सायबाला वाटलं, त्याचं नियोजन बरं."

मी स्कॅन केलं. करावंच लागतं.
यंत्रणेनं विचारलं: साठ्याचं कारण?
सोळा पर्याय. उशिरा आलेला माल, चुकलेली ऑर्डर,
असं सगळं होतं, हे नव्हतं.
मी सतरावं कारण टाइप केलं, रोमन लिपीत, चार अक्षरं:
ए डी एन डी.

दुबईच्या ऑफिसनं काही विचारलं नाही.
तिमाहीच्या बैठकीत ते थेट स्लाइडवर आलं,
'एडीएनडी पातळी: चाळीस', शेजारी हिरवा बाण.
टाय लावलेल्या एका पोरानं त्याचा फुल फॉर्मही सांगितला.
मी पाण्याचा घोट घेतला
आणि बराच वेळ तो गिळलाच नाही.
आता जुबैलच्या प्लांटलाही एडीएनडी आहे म्हणे.
तिथं ती बारा आहे, वाढवायचं चाललंय.

कासमभाई रमजानच्या आधी दापोलीला गेले, कायमचे.
जाताना डब्याबद्दल एक शब्द नाही.
त्यांचा टॅग बिष्णुमानच्या हेल्मेटवर लागला,
पोखऱ्याचा, बावीस वर्षांचा, कुणाशी न बोलणारा.
तीन महिने त्याची रेघ
ओळंब्यासारखी सरळ.

काल दुपारपाळीत ती वळली.
मी मोजली. सोळा.

पडद्यानं लाल केली,
कारण मागितलं.
मी खाली सरकत गेले, शेवटपर्यंत.