व इतर

म्हसकर सरांनी पान लाल केलं.
वर्ष कंसात, मग खंड,
रिपोर्टरचं लघुरूप, पान.
मध्ये स्वल्पविराम? नको.
पक्षकार तिरक्या अक्षरांत,
पहिलं नाव तेवढं घ्यायचं,
बाकीचे 'व इतर'.

खोडलं. पुन्हा लिहिलं.
जोमा भोईर व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

इतरांत सत्तावीस जण.
एकोणिसावी चांगुणाआत्या,
करावेच्या मिठागरावरची.
तारखेला जवळ्याची टोपली शेजारणीकडे ठेवून
ठाण्याच्या कोर्टात बाकाच्या टोकाला बसायची,
मिठानं फुटलेल्या टाचा पदरानं झाकत.
निकालाच्या दिवशी वकिलाला एवढंच विचारलं,
"माजा नाव वाचला का रं?"

आज दहापैकी दहा.
एकही टिंब चुकलेलं नाही.
परतताना करावेचा स्टॉप आला,
मी बसून राहिलो.