दोन पुठ्ठे

कुलरच्या खोक्यातून दोन पुठ्ठे कापले,
एक दहा इंची, एक तेरा.
पैसे मोजण्याआधी आठ दिवस बाळगून बघू.

दहाचा डिक्कीत मावतो,
पण त्यावर गर्भाशयाची आकृती
जांभळाएवढीच दिसणार.
तेराचा शर्टात खोचून, पोटाशी,
साकोली ते चिचटोला.

गोमा नेवारे म्हणाला,
"का होय जी डॉक्टर, पाटी?"
पाटीच म्हण.
भर उन्हात वाचता येते म्हणे,
आणि पुसलेलं अक्षर
थुंकीनं पुसल्यासारखं जरासं मागं उरतं.

तेवढ्यात म्हैस अडली. पारडाचे पाय उलटे.
वेळ, ताप, टोचलेलं औषध
हाती होतं त्यावरच लिहिलं.

तेराच्यावर आता जागा नाही,
कोपऱ्यात शेण वाळलंय.
दहाचा कोराच.
लेक त्यानं चुलीला वारा घालते.