अकरा सेकंद

निकाल संध्याकाळी साडेपाचला उघडणार होता
आणि शिवोलीची वीज पाचलाच गेली.
इन्व्हर्टरवर ऑफिसातला एकच कॉम्प्युटर जिवंत,
ब्रिटो मिसभोवती पालक,
गाडीच्या किल्ल्या बोटांत फिरवणारे.
मी घनश्याम मळीक, फिजिक्स लॅबचा अटेंडंट,
दाराशी उभा.
मला तिथे काम नव्हतं.

त्रेचाळीसवाला रडत होता, चव्वेचाळीस हवे होते म्हणून.
चोविसावर कसाबसा तरलेला नोएल कुलासो
पार्किंगच्या चिखलात नाचत होता,
त्याची आई ओरडत होती, बूट, अरे बूट!
पंचेचाळिसात माणूस मोजायचा
हे मला अजून नीट जमत नाही.
आमच्या वेळी पेपरात नंबर यायचा.
नाही आला की नाही आला.

मी एकाच नावासाठी थांबलो होतो.
शर्वाणी च्यारी, फी माफ,
वर्गात मराठी घेतलेली एकटीच.
तिला शिक्षक नाही. नियमच तसा:
मुलीने आपलं आपण शिकावं, शाळेने पाठीशी राहावं.
शाळेला मराठीतलं 'पुरे' एवढंच येत होतं.
मग मिसनी मला विचारलं,
तू पेडण्याचा ना? नाटकवाला?

नट नव्हे मी.
जत्रेच्या नाटकांत सत्तावीस वर्षं
विंगेत स्टुलावर बसून वही धरणारा.
राजा अडला
की बॅटरीच्या उजेडात
त्याचं राज्य त्याला हळूच परत देणारा.

दोन वर्षं, चारची घंटा झाली की,
भिंगांच्या कपाटाशेजारी आम्ही वाचत बसलो.
लेखकाने इथे स्वल्पविराम का दिला, काका?
श्वासासाठी, मी म्हणायचो.
ती लिहून घ्यायची,
आणि रात्री मला झोप नसायची:
खरंच श्वासासाठी असेल ना?

तोंडी परीक्षेला समोर मी,
मध्ये रेकॉर्डर, त्याचा लाल ठिपका.
सातव्या मिनिटाला ती अडली.
गोष्टीतली बाई माहेरी परतलेली,
हातात पिशवी, दारात उभी,
आणि तिला जे वाटतं
त्याला शब्द सापडेना.

माझ्या जिभेवर होता.
उपरेपण.
नुसते ओठ हलवले असते तरी तिने उचलला असता.
पायाचा अंगठा फरशीवर दाबून धरला मी.
सत्तावीस वर्षांत कुणाला असं
उजेडात एकटं सोडलं नव्हतं.
पठारावर एक मोर ओरडला,
तोही टेपवर गेला असणार.
अकराव्या सेकंदाला ती म्हणाली,
आपल्याच घरात
चप्पल कुठे काढू, हे विचारावं लागणं.

मग ती सरळ पुढे बोलत गेली.
मला मात्र मधलं काही ऐकू आलं नाही.

मराठी, सहा.
मिसनी चष्मा वर करून पुन्हा वाचलं, सहा.
एकूण चौतीस.
परदेशातल्या त्या विद्यापीठाला छत्तीस हवे होते.
फोनवर शर्वाणी म्हणाली, बघू.
काही सुचवावंसं वाटलं मला.
सुचलं नाही.

कुठल्या तरी दूरच्या शहरात कुणीतरी
कानाला हेडफोन लावून ऐकलं असेल ते अडणं.
गुण कापले असतील त्याचे,
की तिथेच दिले असतील?
माझा शब्द घेतला असता तर सात झाले असते?
की पाच?

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले,
लॅबची डुगडुगणारी स्टुलं दुरुस्त करायला.
सातांतले सहा, म्हणाले,
मग एक गेलो खंय?
मी म्हटलं, माहीत नाही.
त्यांनी स्टूल उलटं केलं, पाय दाबून पाहिला,
पट्टी बसवली,
आणि हात मागे केला.

खिळा मी आधीच पुढे धरला होता.