रफू

बाई,
तुझं नाव कुणालाच ठाऊक नाही.
संग्रहालयाच्या वहीत तू एक आकडा,
आणि काचेखाली तळहाताएवढा
तुझ्या एप्रनचा तुकडा.
काशाची वेटोळी लोकरीला जिथं टेकली
तिथं कळकून हिरवी झाली, तेवढीच लोकर टिकली.
बाकीची मातीनं नेली.

त्या तुकड्यावरून मी
अख्खी बाई शिवायला बसले.

तीन हिवाळे गेले.
ओइवानं तारेची वेटोळी वळून दिली, आठशे बारा,
रेडिओवर आइस हॉकी ऐकत
(तुझ्या काळी हॉकी नव्हती, मान्य).
निळीची पानं मुरेपर्यंत
सौनाच्या खोलीत लघवीचे दोन हंडे;
बहीण सिनिक्का ख्यालीखुशाली
अंगणातूनच विचारून गेली.

तुझ्या सुताला पीळ उलटा.
डावखुरी होतीस का?
माझी टकळी महिनाभर सवयीनं सुलटीच फिरायची,
उसवायचं, पुन्हा कातायचं.
सुंभ जळाल्यावर पीळ राहतो म्हणतात,
तुझा तर हजार वर्षं कुजूनही
माझ्याशी हुज्जत घालतो.

आणि तुकड्याच्या कडेला ते रफू.
निळ्यावर भलताच तांबडा दोरा,
सात टाके, आठवा अर्धवट.
रफू करायचं तर आधी फाटायला हवं.
कात्री घेतली. ठेवली.
कापलेलं म्हणजे फाटलेलं नव्हे.
ओइवा म्हणाला, "वरूनच घाल ना सात टाके,
चार पावलांवरून कुणाला दिसणार?"
"तिला," मी म्हटलं.

मग घालूनच वावरले. बटाटे काढताना,
बर्चची लाकडं रचताना,
मेळाव्यात दोन दिवस धुरात मासे भाजताना.
एका पोरानं बोट लावून विचारलं, हे खरं आहे?
मला पटकन उत्तर आलं नाही.

फाटलं ते तिसऱ्या दिवशी.
तंबू भरताना, व्हॅनच्या बिजागरीत.
टर्रकन आवाज आला
आणि मी भर मैदानात हसत सुटले.
हाताला आला तो दोरा ओवला,
तिथंच, पायरीवर बसून.
कुठला रंग, पाहिलंसुद्धा नाही.

घरी ओइवा चष्मा लावून मोजायला लागला,
मी एप्रन काढून घेतला.

मागची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती, म्हणून
शेवटचा टाका राहिला.
तुझ्यामागं कोण लागलं होतं, बाई?