बाहेर पडल्याची वेळ

ऐरोली, सेक्टर आठ. गेटवर मी,
वही, सुतळीने बांधलेलं पेन.
कुरिअरवाला वैतागतो,
काका, दोन मिनिटांचं काम, वेळ कसली लिहिता?

लिहितो.
डोक्यावर निळी टोपी होती तेव्हाही लिहायचो.
तंबू तीन. माजोक. वय अंदाजे सतरा.
डाव्या कानामागे व्रण. आत : ४.१०.
बहात्तर तासांत न्यायाधीशासमोर, असा नियम.
न्यायाधीशबाई आल्या नवव्या दिवशी.
मेसचं टेबल झाडाखाली मांडलं.
पाणीही न घेता त्यांनी वही मागितली.

अकरा नावं वाचली. दहा जण उठले.

माजोकला रात्री कोणी नेलं, कोणाच्या सहीने,
तो रकाना
माझ्या सुवाच्य अक्षराशेजारी कोरा.

बारा वाजले. बी विंगमधला प्लंबर
अजून खाली आलेला नाही.
खाडीवरचा वारा पान उलटू पाहतो.
मी त्यावर टॉर्च ठेवतो.