सेन्सर झाकला आहे

नगरपालिकेनं नवी गाडी दिली
तेव्हा किल्लीबरोबर एक चोपडं मिळालं, बोटभर जाडीचं.
जेवणाच्या सुट्टीत वाचलं, ब्रेडवर तपकिरी चीज ठेवून,
पान एकशे बारापर्यंत. पुढे डाग पडला.

उजवीकडची दांडी एक खण वर केली
की वायपर आपले आपण चालतात.
थेंब त्यांना आधी कळतो, मला नंतर.
पण रात्री काचेवर बर्फ धरला असेल
तर आधी दांडी खाली, मग गाडी सुरू.
नाहीतर काचेला चिकटलेलं रबर ओढ घेतं, फाटतं,
आणि पुढचे चाळीस किलोमीटर
एक न पुसलेली रेघ
बरोबर डोळ्यांसमोर.
हे चोपड्यात नव्हतं. हे नोव्हेंबरनं शिकवलं.
पाण्याचंही तसंच. काच ऊबदार होण्याआधी फवारलं
तर पडल्या पडल्या गोठतं,
आणि ऐंशीच्या वेगात तुम्ही
पांढऱ्या भिंतीकडे बघत बसता.

गाडी बोलते.
रेघ ओलांडली की स्टिअरिंग थरथरतं,
झोपेत शेजारच्याचं कोपर लागावं तसं.
ट्रक जवळ आला की लाल उजेड.
दोन तास झाले की कॉफीचा कप दाखवते,
जणू थर्मास माझ्या मांडीशी नाहीच.
सुरुवातीला मी भांडायचे, दिसतंय गं मला!
मग सवय झाली.
सवय झाली तेच वाईट.

टोरलाइफ फेरीबोटीवर होता एकतीस वर्षं.
त्याची औषधाची डबी भरता भरता
एकदा गाडीचं कौतुक सांगत बसले.
म्हणाला, रडार आमच्याकडेही होतं, गुनवोर.
धुकं आलं की रडार बघायचो
आणि खिडकी उघडून कान बाहेर ठेवायचो.
दोन्ही.
त्याच्या मनगटावर लाल बटण आहे,
पडलास तर दाब, म्हणून आम्हीच बांधलेलं.
त्यानं ते कधी दाबलं नाही.
कार्यालयातल्या पडद्यावर
त्याच्या नावापुढे कायम हिरवा ठिपका.

गुरुवारी खिंडीत ओला बर्फ.
वायपर सगळ्यात जोरात,
रस्त्यावरच्या रेघा केव्हाच गाडल्या गेलेल्या,
आणि गाडी गप्प.
मला वाटलं, काय छान चालवतेय मी आज.
मग पडद्याच्या कोपऱ्यात तांदळाएवढी अक्षरं दिसली:
सेन्सर झाकला आहे.
कधीपासून, कोण जाणे.

बसथांब्याच्या जागेत बाजूला घेतली,
दिवे लुकलुकते ठेवले, वायपर बंद केले
(मागे एकदा केले नव्हते, बोटांवर फटका खाल्ला)
आणि हातमोज्यानं गाडीच्या नाकावरचा बर्फ खरवडला.
इंजिन बंद. वारा.
आणि टक्, टक्, टक्.
चालताना रेनडिअरच्या पायातल्या शिरा वाजतात,
वाळक्या काटक्या मोडाव्यात तशा.
वळणापलीकडे वीसेक जनावरं
रस्ता ओलांडत होती, सावकाश,
करडी, करड्या बर्फात.
एकानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
थांबले नसते तर,
हा विचार मी तिथे पुरा केला नाही.

गुरुवार टोरलाइफचा वार नव्हता.
घर खाली, फ्योर्डच्या कडेला, उजवीकडे.
टोरलाइफचं डावीकडे, बारा किलोमीटर.
फोनवर यादी उघडली. हिरवा ठिपका.
त्या ठिपक्याकडे जरा वेळ बघितलं
आणि डावीकडे वळले.

स्वयंपाकघरात दिवा होता.
फ्रिजला पाठ टेकून तो जमिनीवर बसलेला,
एक पायमोजा पायात, एक हातात.
बटण मनगटावर, जागच्या जागी.
केव्हापासून?
दुपारच्या बातम्यांपासून, म्हणाला.
एवढ्यासाठी कुणाला कशाला.

मी त्याच्या काखेत हात घातला.
बर्फ थांबला होता. उघड्या दारातून
अंगणातल्या माझ्या गाडीचा आवाज येत होता,
जोरात ठेवलेले वायपर,
कोरड्या काचेवर रबर,
खर्र, खर्र.
टोरलाइफनं डोळे मिटून ऐकलं.
आधी ते बंद करून ये, म्हणाला.