प्रश्न क्रमांक चौदा

नाव लिहायचं नाही, म्हणाल्या डिक्रूज मॅडम,
नुसती खूण करा, बरोबर किंवा चूक.
पंचवीस वाक्यं, इंग्रजीत,
झेरॉक्स जरा तिरकी आलेली.
आम्ही एकसष्ट पोरी, दुसऱ्या वर्षाच्या,
परीक्षेतही कधी केला नव्हता
एवढा हाताचा आडोसा करून बसलेल्या.

महानंदा हुक्केरी पुटपुटली, नाचिके.
मी म्हटलं, लाज.
नाझनीन कुठल्याच भाषेत काही बोलली नाही,
पेनचं टोपण चावत राहिली.
अवयवांची नावं आम्हाला इंग्रजीत तोंडपाठ,
तोंडी परीक्षेत एकदाही अडखळलो नव्हतो.
घरच्या भाषेतली नावं म्हणजे शिव्या,
खडेबाजाराच्या कोपऱ्यावर कानात शिरलेल्या,
आईसमोर कधी न ऐकल्यासारख्या.

बाकीचं ज्ञान कुठून आलं, सांगते.
कडोलीच्या मावशीकडून: त्या चार दिवसांत लोणच्याला हात नको.
हॉस्टेलच्या सीनियरकडून: सायकल मारली की ते जातं
आणि पहिल्या रात्री नवऱ्याला कळतं.
बसस्टँडच्या भिंतीकडून: गुप्त विकार, खात्रीशीर इलाज,
दर मंगळवारी, लॉजमध्ये, खोली नंबर सहा.

प्रश्न चौदा.
साठीनंतर बाईला इच्छा उरत नाही.
बरोबर, अशी खूण केली आणि पान उलटलं.
विचार केला नाही.
आईला चव्वेचाळीस. तिचाही केला नाही.

त्याच आठवड्यात ड्यूटी बायकांच्या वॉर्डात.
बेड नऊ, आक्काताई चौगुले, निपाणी, वय त्रेसष्ट.
जन्मभर बिड्या वळून बोटांची टोकं तपकिरी.
पिशवी काढलेली, सातवा दिवस, टाके कोरडे.
नवरा रोज संध्याकाळच्या गाडीनं यायचा,
डब्यात भाकरी, खिशात अबोलीचा वळेसर,
दमटलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
तिच्या पायांपाशी बसायचा.
काय बोलायचे, ऐकू यायचं नाही.

पोरी, पडदा वढ जरा, म्हणाली आक्काताई.
एक इचारू?
आता ह्यांच्याजवळ निजलं तर चालतंय न्हवं?
का आता मी बाई ऱ्हाईले न्हाई?

माझ्या हातात बीपीचा पट्टा.
मी फुगवत गेले, फुगवत गेले,
तिचा हात काळानिळा होईस्तोवर.
मग म्हटलं, या वयात काय हे मावशी,
आणि हसले.
तीही हसली, मला अवघडायला नको म्हणून.
व्हय की, खुळ्यावानी बोलले, म्हणाली,
आणि उशीखालची अबोली आणखी आत सारली.

डिस्चार्जला नवरा आला इस्त्रीचा सदरा घालून.
कार्ड इंग्रजीत, शिक्का कन्नडात,
म्हणून मराठीत मीच वाचून दाखवलं:
जड उचलू नका. गोळी जेवल्यावर. ताप आला तर लगेच या.
पुढची ओळ होती, सहा आठवड्यांनंतर संबंध चालतील.
ती मी वाचली नाही.
बोटानं झाकून पुढच्या तारखेवर गेले.
तो मान हलवत होता, पाठ करत होता,
आक्काताई माझ्या बोटाकडे बघत होती.

डिक्रूज मॅडमनी नंतर आकडे सांगितले.
चौदाला बरोबर म्हणणाऱ्या, त्रेपन्न.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
मी नाही.

रजिस्टरात फोन होता शेजारच्या किराणा दुकानाचा.
दुपारी जिन्यात उभी राहून लावला.
हॅलो, कोण पायजे?
मागे तराजू वाजला, कुणीतरी उधारी लिहायला सांगत होतं.
एवढ्या माणसांतून ती एक ओळ
निपाणीला कशी पोचवायची?
राँग नंबर, म्हणाले, तेही कन्नडात,
जणू त्या भाषेत मी कुणी दुसरीच.

तपासणीची तारीख सोळा, गुरुवार.
ड्यूटी नाझनीनशी बदलून घेतलीय.
का, ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
बेड नऊच्या पडद्याचे दोन हुक कधीचे तुटलेत,
तिथं सेफ्टी पिना लावून ठेवल्यात.
आणि वाक्य म्हणून बघतेय, रात्री, पांघरुणात,
आधी इंग्रजीत, मग हळू,
आक्काताईच्या मराठीत.
अजून मधेच आवाज बसतो.